विहीर तिकडे, पाणी दोघांचं

परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं असं लोक समजतात. ठरत असेल. पण त्यातलं चिमूटभर धारवाडजवळच्या काळ्या रानात, चिखलाने जड झालेल्या बुटांनी ठरताना मी पाहिलं आहे. संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मोजणी खात्यातल्या बाईकडे अनुभव म्हणजे दुसऱ्यांची भांडणं. माणूस सुखात असला की आमच्याकडे फिरकत नाही, भावाभावांत बिनसलं की बरोबर दारात उभा राहतो.

मी भूमापक, म्हणजे जमिनी मोजणारी. आधी गावोगाव फिरून शेतं मोजली, पुढे धारवाडच्या एका प्रशिक्षण केंद्रात नव्या मोजणीदारांना शिकवलं. काम सांगायला सोपं आहे. नकाशावर रेघ असते, जमिनीवर बांध असतो, आणि दोन्ही एकाच जागी आहेत असा सरकारचा भाबडा समज असतो. नांगरताना माणूस दरवर्षी वीतभर बांध कोरतो. शेजारी गरीब किंवा गावाबाहेर असला तर बघता बघता बांध कुठल्या कुठे जातो. मग आम्ही जायचं, जुन्या खुणा धुंडायच्या, नकाशातली रेघ परत जमिनीवर आणायची आणि तिथे हद्दीचा दगड पुरायचा. पूर्वी साखळी ओढावी लागे, आता उपग्रहाशी बोलणारी काठी रोवली की काम होतं. यंत्रं बदलली, शिव्या त्याच राहिल्या.

माझं माहेर कोल्हापूरकडचं, सासरचं इकडे दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. घरात मराठी, रानात कन्नड आणि रागावले की दोन्ही. बाई साखळी ओढते हे बघायला सुरुवातीला गाव लोटायचं. मला त्याचा फायदाच झाला, कारण त्या गर्दीतच साक्षीदार सापडायचे. सगळे मला अक्कावरु म्हणत, म्हणजे ताईसाहेब म्हणा ना. दगड मनासारखा पडला की अक्कावरु, नाही पडला की काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

धंद्यातली एक युक्ती सांगते, ती कुठल्याच पुस्तकात नाही. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतकरी सहकुटुंब रानात जेवायला जातात. चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करतात, आणि जेवायच्या आधी टोपलीतून भाकरी, पुरणाचे कडबू, भाजी असं थोडं थोडं रानभर शिंपडत जातात. त्याला चरगा म्हणतात. जमिनीला आधी जेवू घालायचं, मग आपण जेवायचं. आता गंमत बघा. तहसीलदारासमोर खोटं बोलणारा माणूस चरगा मात्र आपल्या हद्दीतच टाकतो. दुसऱ्याच्या रानात टाकला तर ते रान आपलं म्हटल्यासारखं होतं, आणि त्या दिवशी जमिनीशी खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही. म्हणून तंट्याच्या शेतात मोजणी करण्याआधी अमावस्या आली तर मी लांब बांधावर बसून नुसती बघायची, कोणाचा हात कुठे थांबतो ते. कायद्यात याला कवडीची किंमत नाही. पण माणसाच्या मनातली हद्द आधी कळली की निम्मी मोजणी झाली.

आमच्या केंद्रात परराष्ट्र खात्याच्या एका योजनेतून इतर देशांतले अधिकारी शिकायला येत. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांशी मैत्री ठेवायची, तर त्यांना लागणारी माणसं घडवून द्यायची, असं त्यामागचं धोरण. तिकीट आपलं, राहणं-जेवण आपलं. त्यामुळे दिल्लीची मैत्री आमच्यापर्यंत पोहोचायची ती मिरची न सोसणाऱ्या पंधरावीस पोटांच्या रूपाने. एका बेटावरचे गृहस्थ आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दगड पुरायचा ते ठीक, पण आमच्याकडे दगडच नाहीत, काय करू?" ते नारळ लावून हद्द ठरवत. झाड वाकलं की हद्द वाकली का, यावर आमचा अख्खा तास गेला. आणखी एक होते कुठल्याशा मंत्र्याचे भाचे. ते वर्गात अखंड झोपले आणि परत जाऊन जमीन खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छा मात्र न चुकता येतात.

पण मला लिहायचं आहे ते इमॅन्युएलबद्दल. त्याच्या देशाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण सीमेची जखम अजून ओली आहे. आफ्रिकेतला देश, स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झालेली. आधी गोरा साहेब गेला, मग शेजारच्या देशाचं राज्य आलं, मग लढाई होऊन तेही गेलं. इमॅन्युएल गुराख्याचा मुलगा, शाळेत गणित शिकवायचा. नव्या सरकारला सीमा आखायला माणसं हवी होती, म्हणून त्याला उचलून भूमापक केला. तो म्हणायचा, "मॅडम, आमच्याकडे राजदूत झाले, सेनापती झाले, राष्ट्रगीताला चालही लागली. मोजणी करणारे तेवढे राहून गेले."

त्याच्याकडे नवा कोरा पासपोर्ट होता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो शर्टाच्या खिशात बाळगायचा आणि कोणालाही काढून दाखवायचा. सुभाष रोडवर स्वेटर घ्यायला गेला तेव्हा दुकानदारालाही दाखवला. इथे आल्यावर परदेशी माणसाची नोंद करावी लागते, तिथे संगणकातल्या देशांच्या यादीत त्याचा देशच नव्हता. समोरचा कारकून भला होता, त्याने 'अन्य' वर बोट ठेवलं. इमॅन्युएल चिडला नाही. त्याने पासपोर्ट काढला, उघडून टेबलावर ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. शेवटी कारकुनाने पेनाने देशाचं नाव लिहिलं, तेव्हाच तो बाहेर आला. एवढं प्रेम मी माझ्या पासपोर्टवर कधी केलं नाही. माझा कपाटात साड्यांखाली पडलेला असतो.

अभ्यासक्रमात एक धडा होता. साहेबाच्या काळातला जुना नकाशा उपग्रहाच्या आजच्या चित्रावर नेमका बसवायचा. मी सांगितलं, आपापल्या गावाकडचा नकाशा घ्या, म्हणजे कामात जीव राहील. दुसऱ्या दिवशी सगळे हसतखिदळत काम करत होते, इमॅन्युएल मात्र तोच नकाशा पुन्हा पुन्हा बसवून बघत होता. मला वाटलं, यंत्र अडलं असेल.

"मॅडम, माझं काहीतरी चुकलंय. तपासून द्या."

मी तपासलं. काही चुकलं नव्हतं. त्यांच्या देशाची सीमा जुन्या नकाशात एका नदीच्या पात्रातून जात होती. पुढे नदीने पात्र बदललं, ती पुष्कळ पलीकडे सरकली. लोक नदीलाच सीमा समजत राहिले. पण आफ्रिकेतल्या देशांनी आपसांत ठरवून टाकलंय की साहेबाने आखलेल्या सीमा जशाच्या तशा मानायच्या, नाहीतर रोज नवी लढाई. त्या हिशेबाने रेघ जुन्या पात्रातून जाणार होती. आणि जुनं पात्र आणि आजची नदी यांच्या मध्ये त्याच्या आईचं गाव होतं. तिचं घर, तिची विहीर, बापाचं थडगं, सगळं शेजारच्या देशात पडत होतं. ज्या देशाशी लढून स्वातंत्र्य मिळवलं, त्याच देशात.

त्याने विचारलं, "किती चूक चालते, मॅडम?"

प्रश्न रास्त होता. मोजणीत थोडी चूक मान्य असते. जुन्या नकाशावरची रेघच इतकी जाड असते की तिच्या खाली जमिनीवरचं एखादं घर सहज झाकून जाईल. पण अख्खं गाव झाकण्याइतकी जाड रेघ कोणी ओढत नाही. मी तसं सांगितलं. मग तो हळूच म्हणाला, "परत गेल्यावर दोन्ही देशांच्या संयुक्त पथकात आमच्या बाजूने मी असणार. नकाशा बसवताना दोन खुणा जरा सरकवल्या, तर आमच्याकडे ते ओळखणारं दुसरं कोणी नाही."

"आणि त्यांच्याकडे?"

"त्यांच्याकडे असेल. मग ते पथकातून उठून जातील. मग पुन्हा बंदुका." त्याने पडद्यावरचं ते गाव बोटाने झाकलं. "पण मॅडम, ती माझी आई आहे."

शिक्षकाने अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. मी त्याला चहा दिला आणि घरी आले. आमच्या यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू काय सांगणार की त्याला? तुझं माहेर त्या राज्यात, सासर ह्या राज्यात. तुला कधी कोणी अडवलंय काय?" खरं होतं. भाषावार प्रांत झाले, आमच्या नात्यागोत्यातून रेघ गेली, त्यावरून किती मोर्चे निघाले. पण माहेरी जाताना मला कोणी पासपोर्ट विचारला नाही. बाईच्या जातीला सीमा ओलांडणं लग्नातच येतं. इमॅन्युएलच्या आईला मात्र घरबसल्या दुसऱ्या देशात जावं लागणार होतं.

त्याच आठवड्यात मार्गशीर्षातली अमावस्या आली आणि मी त्याला घेऊन निंगप्पाच्या रानात गेले.

निंगप्पा आणि फकीरप्पा चुलत-चुलत भाऊ. त्यांची शेतं लागून. पूर्वी त्यांच्या तंट्यात मीच मोजणी केली होती, आणि निंगप्पाच्या आजोबांनी खणलेली विहीर माझ्या दगडाने फकीरप्पाच्या रानात गेली. तेव्हापासून निंगप्पा माझ्याशी बोलत नाही. पण दरवर्षी या अमावस्येला निरोप येतो आणि मी जाते. ज्याने दगड पुरला त्याला जेवू घातल्याशिवाय दगड बसत नाही, अशी त्यांच्या घराण्याची रीत. तो वाढतो, मी जेवते, आणि जे काही बोलायचं ते तो शेजारच्याला बोलतो.

त्या दिवशी हरभरा गुडघ्याला लागत होता, ज्वारी पोटरीला आली होती. निंगप्पाच्या बायकोला इमॅन्युएल हे नाव काही झेपेना. तिने त्याचा मानप्पा केला आणि पाहुणा म्हणून चरग्याची टोपली त्याच्याच हातात दिली. हा मोठाच मान. मी तिच्या चटणीची चौकशी करण्यात गुंतले होते, तिथेच गोंधळ झाला. मानप्पाला एवढंच कळलं होतं की जमिनीला जेवू घालायचं. तो मनापासून घास टाकत निघाला, आणि सीमा आखायला शिकणारा हा गडी माझा दगड ओलांडून थेट फकीरप्पाच्या रानात शिरला. तिथेही दोन्ही हातांनी कडबू उधळू लागला.

निंगप्पाच्या टोपलीतला चरगा फकीरप्पाच्या रानात पडला, म्हणजे निंगप्पाने ते रान परत मागितलं. पलीकडून फकीरप्पा टोपली घेऊन येत होता. त्याने पाहिलं. मला वाटलं, झालं, आता पुन्हा कोर्ट. मी धावत जाऊन इमॅन्युएलला थांबवलं आणि काय झालंय ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो खाली वाकून पडलेले तुकडे उचलायला लागला.

"उचलू नको रे," फकीरप्पा कन्नडात ओरडला. "जेवायला घातलेलं परत घेतात काय? तिने खाल्लं ते!" मग तो दगडापाशी आला आणि आपल्या टोपलीतली मूठभर भाकरी दगडाच्या अलीकडे, निंगप्पाच्या रानात भिरकावली. "हं, फिट्टंफाट!"

निंगप्पाची बायको पदर तोंडाला लावून हसली. निंगप्पा हसला नाही, पण त्याने फकीरप्पासाठी ताट मांडलं.

जेवताना विहिरीवरची मोटर सुरू झाली आणि पाणी दगडाच्या बाजूने निंगप्पाच्या हरभऱ्यात येऊ लागलं. इमॅन्युएलने मला विचारायला लावलं: विहीर फकीरप्पाची, मग पाणी इकडे कसं?

फकीरप्पाने भाकरीचा तुकडा माझ्याकडे रोखला. "ह्या अक्कावरांनी दगड पुरला त्याच दिवशी हक्काच्या उताऱ्यात चढवून घेतलं. विहीर माझ्या रानात, पाणी दोघांचं, पाळीपाळीने."

"लिहिलं नसतं तर दिलं असतं?" मी विचारलं.

फकीरप्पा प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "पहिल्या वर्षी नसतं दिलं. पहिल्या वर्षी लिहिलंय म्हणून दिलं. आता सवय झाली म्हणून देतो."

मी भाषांतर केलं. इमॅन्युएलचा घास हातातच राहिला. ही आमच्या धंद्यातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. रेघ वेगळी आणि हक्क वेगळा. जमीन कोणाची हे दगड सांगतो. पाणी, वाट, गुरांचं चरणं हे दगडाला कळत नाही, ते निराळं लिहावं लागतं, आणि दगड पुरतानाच लिहावं लागतं. नंतर कोणी लिहू देत नाही. वर्गात मी हे त्याला शिकवलं होतं, त्याने वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण त्या वेळी ती दुसऱ्यांची विहीर होती.

परतताना तो म्हणाला, "निंगप्पा तुमच्याशी बोलत नाही."

"दगड मी पुरला म्हणून."

"पण तुमची मोजणी बरोबर होती ना?"

"बरोबर होती म्हणूनच बोलत नाही. चुकली असती तर त्याने अपील केलं असतं आणि वर माझ्याशी गोड बोलला असता."

मी हसत सांगितलं, पण मला ते लागतंच. निंगप्पाच्या आजोबांनी ती विहीर हाताने खणली होती. नकाशाला ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं, तरी मी दगड नकाशाप्रमाणेच पुरला. आजही तिथेच पुरेन. बरोबर वागल्याचंही दुःख होऊ शकतं, हे नोकरीला लागताना मला कोणी सांगितलं नव्हतं. इमॅन्युएल पुढे सगळी वाट बांधावरचे दगड न्याहाळत चालला. त्याला त्याची आई दिसत असणार.

तो परत गेला. अधूनमधून फोन यायचा. संयुक्त पथकात त्याने रेघ जुन्या पात्रातूनच धरली, खुणा सरकवल्या नाहीत. पण अहवालाला त्याने एक पुरवणी जोडली. त्या पट्ट्यात कुठल्या गावाच्या विहिरीवर कोणाची गुरं येतात, पावसाळ्यात कळप कुठून कुठे जातात, कोणाची थडगी कुठे आहेत, कोणाच्या लेकी कुठे दिल्यात, सगळं गावोगाव फिरून लिहिलं. शेजारच्या देशाचा भूमापक आधी म्हणाला, हे आपलं काम नव्हे. मग तोही आपल्या बाजूच्या विहिरी सांगायला लागला. त्याचीही आत्या कुठेतरी अडकली होती.

राजधानीत मात्र इमॅन्युएलची शोभा झाली. त्याच्या मंत्र्याने सगळ्यांसमोर विचारलं, तू आपला की त्यांचा? काही महिने त्याला खुर्चीच नव्हती. पुढे करार झाला तेव्हा रेघ त्याचीच राहिली आणि पुरवणीही आत गेली. पाण्यावर दोघांचा हक्क, कळपांना मोकळी वाट, गावकऱ्यांना ये-जा. फक्त सरकारी नोकरांना दुसऱ्या बाजूला जायचं तर पासपोर्ट आणि शिक्का. बंदुका पुन्हा निघाल्या नाहीत. पेपरात चार ओळी आल्या असतील, त्याचं नाव त्यात नव्हतं.

आणि आईने बोलणं टाकलं. "ज्यांनी माझा मोठा मुलगा मारला, त्यांच्या देशात मला धाकट्याने नेऊन टाकलं," असं ती गावभर सांगे. त्याला भाऊ होता आणि तो लढाईत गेला, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. फोनवर तो एवढंच म्हणाला, "मॅडम, माझी मोजणी बरोबर होती."

मी निवृत्त झाले, नवनगरात घर बांधलं. घराच्या प्लॉटची मोजणी मी मुद्दाम दुसऱ्याकडून करून घेतली, शेजाऱ्यांशी बोलणं चालू राहावं म्हणून. अमावस्येचं निंगप्पाकडचं जेवण मात्र चुकवलं नाही. गेल्या खेपेला त्याच्या बायकोने विचारलं, मानप्पा कसा आहे? मी सगळं सांगितलं. निंगप्पा पाठ करून ताटं मांडत होता. बायकोकडे वळून तो नेहमीसारखं म्हणाला, "अक्कावरिगे हेळ, ऊट माडली अंत." म्हणजे, ताईंना सांग, जेवून घ्या.

मी बसले. त्याने कडबू वाढले, चटणी वाढली. मग माझ्यासमोर उकिडवा बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"अक्कावरे, त्याला सांगा. आई बोलत नसली तर नसू दे. ताट मांडते का, तेवढं बघायला सांगा."

एवढं बोलून तो उठला आणि पुन्हा बायकोशीच बोलायला लागला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चटणी तिखट होती असं मी म्हटलं, आणि कोणी वाद घातला नाही.

मी निरोप शब्दशः पाठवला. बरेच दिवस काही उत्तर नाही. मग एका सकाळी इमॅन्युएलचा फोन आला. मागे गुरांचा आवाज येत होता, वारा होता, तो भडाभडा बोलत होता. त्यांच्याकडे नवं धान्य घरात आलं की विहिरीपाशी सगळं कुटुंब एकत्र जेवतं. तो रेघेपर्यंत गेला आणि नव्या दगडाजवळ उभा राहिला. आई पलीकडे विहिरीवर होती. तिने त्याला बघितलं, घरात गेली, बाहेर आली. तिच्या हातात ताट होतं.

"मग? बोलली?"

"बोलली, मॅडम. तिथूनच ओरडून विचारलं, 'साहेब, ताट तुमच्या देशात मांडू की माझ्या?'"

"आणि तू काय म्हणालास?"

फोनवर तो हसत होता की रडत होता, मला अजून सांगता येणार नाही.

"मी म्हटलं, तुझ्या देशात मांड. मी पासपोर्ट घेऊन आलोय."